मागच्याला आणा

बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा घरात मी एकटीच होते. हाड मोडलं नव्हतं, डोक्याला लागलं नव्हतं, पण त्यांना उठता येईना. मी त्यांच्या काखेत हात घालून जोर लावला. ते जरासे वर आले आणि पुन्हा खाली बसले. दुसऱ्या वेळी माझेच गुडघे लटपटले. त्यांचं वजन सत्तर किलो, आणि मी चव्वेचाळीस वर्षांची, दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून काम करणारी. तिसऱ्यांदा हात घातले तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे गं. बसूया थोडं." मग शेजारचा मुलगा कामावरून येईपर्यंत आम्ही दोघं ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ टेकून बसून राहिलो. चाळीस मिनिटं. काय बोललो ते आता आठवत नाही. नळाचा एकेक थेंब बादलीत पडत होता, तो आवाज मात्र अजून कानात आहे.

त्या रात्री मी ठरवलं की माझ्या अंगात ताकद यायला हवी. बारीक व्हायचं नव्हतं, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. सत्तर किलो उचलता यायला हवेत, एवढंच.

आधी एका ग्रुपमध्ये आठवडाभर जाऊन पाहिलं. तिथे व्यायाम म्हणजे शिक्षा होती. उशीर झाला, पंचवीस बर्पी, म्हणजे खाली बसून, पाय मागे टाकून, जोर मारून, उडी घेत उठायचं. मध्येच पाणी प्यायलं, दहा बर्पी. एका मुलीकडून सगळ्यांसमोर चाळीस काढून घेतल्या आणि बाकीच्यांना नुसतं उभं राहून बघायला लावलं. ती पुन्हा आली नाही आणि मीही गेले नाही. बर्पीची गोष्ट मी नंतर वाचली, तेव्हा त्या मुलीची फार आठवण आली. रॉयल बर्पी या अमेरिकी संशोधकाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ही हालचाल तयार केली, ती साध्या माणसाची तंदुरुस्ती पटकन जोखता यावी म्हणून. खाली बसा, पाय मागे टाका, पाय आत घ्या, उभे राहा. हे चार वेळा करायचं आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची. त्यात जोर नव्हता, उडी नव्हती, चाळीसचा आकडा तर नव्हताच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने ती उचलली आणि पुढे आकडे वाढतच गेले. कठोर व्यायाम वेगळा आणि कठोर वागणूक वेगळी. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती माणसांची शरीरं देऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे.

दुसरा ग्रुप मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सापडला. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी पावणेसहा ते साडेसहा. वीस-बावीस माणसं, विशीपासून साठीपर्यंतची. ना यंत्रं, ना आरसे, ना गाणी. ओळीने मांडलेल्या काही वाळूच्या गोण्या, पलीकडे पायऱ्या आणि एक उतार, एवढंच सामान. सगळे ज्यांना 'सर' म्हणतात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रक्तदाब? गुडघे? छातीत कधी दुखलंय? घरात कुणाला हृदयविकार? काल रात्री किती तास झोपलात?" मग म्हणाले, "डॉक्टरांना दाखवून या, मंगळवारी सुरू करू." त्यांनी मला परत पाठवलं तेव्हाच मनात म्हटलं, आपण इथे राहणार.

पहिला मंगळवार अजून जसाच्या तसा आठवतो. नीट उजाडलंही नव्हतं. गवतावर दव होतं आणि बुटांच्या पुढच्या टोकांतून ओल बोटांपर्यंत आली होती. हातपाय मोकळे करून झाले, मग मैदानाला एक फेरी, वीस बैठका, भिंतीला हात टेकून दहा जोर, आणि मग अस्वलचाल. म्हणजे गुडघे न टेकता, हातापायांवर ओणवं होऊन चालायचं. दहा पावलांत माझे खांदे भरून आले. तळहाताला बारीक खडे टोचत होते आणि नाकाशी ओल्या मातीचा वास येत होता. इतक्या जवळून जमीन मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. त्यानंतर उतार. वर जायचं, वळायचं, खाली यायचं, असं चार वेळा.

दुसऱ्या फेरीत माझा दम संपला. डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, पण पाय माझे राहिले नव्हते. मी कमरेवर हात ठेवून उताराच्या मध्यावर उभी राहिले. वर बघितलं तर बाकीचे चार फेऱ्या संपवून पुन्हा माथ्यावर जाऊन उभे. आणि तेवढ्यात सरांचा आवाज आला, "मागच्याला आणा!"

सगळेच्या सगळे उतरून माझ्याकडे आले. वीस माणसं, घामाने निथळणारी, केवळ माझ्यासाठी उतार पुन्हा चढायला आलेली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश." कुणी हललं नाही. साठीच्या एक मावशी माझ्या डाव्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "बोलू नकोस. माझ्या पावलांकडे बघ फक्त." मी बघितलं. निळ्या नाड्यांचे, मातीने माखलेले बूट. एक पुढे, एक पुढे, एक पुढे. माझ्या वेगाने. त्यांनी माझा हात धरला नाही, पाठीला ढकललं नाही. कुणीच मला हात लावला नाही. पण मी वर पोहोचले.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्या दिवशी त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंग दुखलं ते जेमतेम. तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना कठड्याला लोंबकळावं लागलं. मला वाटायचं, हे दुखणं म्हणजे स्नायूंत साचलेलं आम्ल. तसं नसतं. धावपळीत तयार झालेलं लॅक्टेट तास-दोन तासांत निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे, विशेषतः ताणले जात असतानाच ज्यांनी भार पेललेला असतो त्या स्नायूंच्या. म्हणून चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखवतं, आणि म्हणून ते एक ते तीन दिवसांनी उसळतं. सरांनी सांगितलं होतं, "झोपून राहू नका, सावकाश चाला. पण लघवी काळपट दिसली तर व्यायामाचं नाव काढायचं नाही, थेट डॉक्टर." हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. अती झालेल्या व्यायामाने स्नायू तुटून त्यातला भाग रक्तात उतरू लागला तर मूत्रपिंडांवर बेतू शकतं. कुणी घाबरेल म्हणून ही गोष्ट झाकून ठेवू नये.

गुरुवारी मी गेले. शनिवारीही गेले. सहा आठवडे मी सगळ्यात मागे होते आणि प्रत्येक वेळी ते मला घ्यायला आले.

आता मोजणीबद्दल सांगते, कारण या सगळ्याचा जीव तिथे आहे. आमच्याकडे व्यायाम एकेकट्याने मोजत नाहीत. एक जण पुढे उभा राहून म्हणतो, "एक, दोन, तीन," आणि चौथ्या ठोक्याला सगळे मिळून आकडा सांगतात: "एक!" पुन्हा "एक, दोन, तीन," आणि सगळे: "दोन!" वीसपर्यंत गेलं की ऐंशी हालचाली होतात. ऐकायला साधं वाटतं. पण करताना होतं असं की आपला श्वास, शेजारच्याचा श्वास आणि तो आकडा एका तालात येतात. बाराव्याला वाटतं की आता हात टेकावेत, तेवढ्यात वीस तोंडांतून "बारा!" निघतं, त्यात आपलंही तोंड असतं, आणि शरीर तेरावा करून मोकळं झालेलं असतं. एकटीने घरी बैठका मारताना पंधराला मी थांबत असे. इथे तीस व्हायच्या.

असं का होतं याची उत्सुकता होती म्हणून वाचत गेले. १९२०च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधल्या वल्हेकऱ्यांना उभं राहून वजन वरखाली करायला लावलं, आधी एकेकट्याने, मग दोघांनी मिळून एकच दांडा धरून. जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्याने जितकं करायचा त्याहून जोडीत जास्त वेळ टिकला, कारण तो थांबला की दोघांचं थांबणार होतं. यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट पुढे आहे: दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हाच हा परिणाम चांगला दिसला. अगदी बरोबरीचे असतील किंवा जमीन-अस्मानाचा फरक असेल तर तेवढा नाही. सर जोड्या लावताना नेमकं हेच करतात, वाचून की अनुभवाने ते मी विचारलेलं नाही. मला त्यांनी कधी पंचविशीच्या पोरांबरोबर जोडलं नाही. मावशींबरोबर जोडलं. मावशी माझ्यापेक्षा थोड्या पुढे होत्या, आवाक्याबाहेर नव्हत्या.

दुसरा प्रयोग ऑक्सफर्ड विद्यापीठातला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. बारा वल्हेकऱ्यांनी यंत्रावर पंचेचाळीस मिनिटं वल्ही मारली, कधी एकट्याने आणि कधी गटाने एका लयीत. दोन्ही वेळा कष्ट सारखेच. त्यानंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून कुठे दुखायला लागतं ते बघितलं. एकत्र लयीत वल्ही मारल्यावर दुखणं जाणवायला लागण्याची मर्यादा वाढलेली होती. बाराच माणसं, म्हणजे प्रयोग लहान. पण मी त्या बाराव्या आकड्यावर शेकडो सकाळी घालवल्या आहेत, मला ते नवल वाटलं नाही.

मोजणी वरच्या आकड्यांची, आणि एक मोजणी आतली. मध्येच सर ओरडतात, "किती?" आणि प्रत्येकाने सहा ते वीसमधला एक आकडा सांगायचा. ही मोजपट्टी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, तेरा म्हणजे जरा कठीण, पंधरा कठीण, सतरा खूप कठीण, वीस म्हणजे यापुढे शक्यच नाही. सहापासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की धडधाकट माणसाच्या नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज यावा म्हणून. सुरुवातीला मी लाजेपोटी "चौदा" म्हणायचे. मावशी म्हणाल्या, "एक पूर्ण वाक्य बोलून दाखव." मला दोन शब्दांच्या पुढे जाता येईना. "मग चौदा कसले? अठरा सांग." अठरा सांगितल्यावर सर म्हणाले, "पुढची फेरी चालत." त्यात अपमानाचं काही नव्हतं. आपल्या शरीराबद्दल खरं बोलायचं, मोठ्याने, माणसांसमोर. मला ते जोरांपेक्षा अवघड गेलं. हे एकदा जमलं आणि मग बाकीही बरंच जमू लागलं. ऑफिसात "हे माझ्याने या आठवड्यात होणार नाही" असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं ते त्याच सुमारास.

पहिल्या महिन्यातच बैठका वाढल्या होत्या, तरी दंड-मांड्या होत्या तशाच होत्या. तेही नंतर कळलं. सुरुवातीची ताकद स्नायू वाढून येत नाही. मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात, त्यातून येते. माप घेण्याची टेप त्या काळात काहीच दाखवत नाही, आणि किती माणसं नेमकी तेव्हाच सोडून जातात! आरसा नसलेल्या मैदानाचा हा एक मोठा उपकार आहे.

उघड्यावरचेही उपकार आहेतच. सपाट फरशीवर पाऊल नेहमी एकसारखंच पडतं. गवतात खळगा असतो, पायरी तिरकी असते, पावसात उतार निसरडा होतो. घोटा, गुडघा, कंबर दर पावलाला नव्याने तोल सांभाळायला शिकतात. उन्हाळा सुरू झाला तेव्हा सरांनी पहिले दहा-बारा दिवस सगळंच निम्म्यावर आणलं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. ते मला अंगावर कळलं: पहिल्या आठवड्यात डोकं जड व्हायचं, तिसऱ्या आठवड्यात त्याच उन्हात मी उतार चढले. आणि पाऊस. पहिल्या मोठ्या पावसात मला वाटलं आज कुणी नसेल. सगळे होते. अस्वलचाल करताना कोपरापर्यंत चिखल, पाठीवर धारा, आणि मोजणाऱ्याचा आवाज पावसात बुडून जाऊ नये म्हणून सगळे जीव तोडून आकडे ओरडत होते. मी इतकी आनंदात कधी होते ते आठवून पाहावं लागलं.

पहाटेच्या उजेडाने झोप सुधारली. सकाळचा प्रकाश शरीराचं घड्याळ लावून देतो, रात्री साडेदहाला डोळे आपोआप मिटू लागले. विश्रांतीच्या वेळची नाडी ८२ होती ती सात-आठ महिन्यांत ६६ वर आली. आठवड्याला १३५ मिनिटं होतात आमची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी जोमदार व्यायामाची ७५ ते १५० मिनिटं सुचवते, आणि वर आठवड्यातून दोनदा तरी स्नायू बळकट करणारा व्यायाम. म्हणजे फार अचाट असं काही आम्ही करत नव्हतो. फक्त चुकवत नव्हतो. आणि चुकवणं अवघड होतं, कारण मी गेले नाही तर मावशी जोडीविना उभ्या राहणार.

तिसऱ्या महिन्यात मी चूक केली. बाबांना ताप होता, रात्रभर जागी होते. तरी शनिवारी गेले. सरांनी विचारलं, "झोप?" मी म्हटलं, "झाली." पायऱ्यांवर उड्या होत्या. चौथ्या पायरीवर उजवी पोटरी मागून कुणी काठी मारावी तशी लचकली. मी वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. चार आठवडे धावणं बंद. चूक माझीच होती, खोटं मी बोलले होते.

मला वाटलं आता चार आठवडे घरी. मंगळवारी सकाळी मावशींचा फोन. "उठलीस का? पाय दुखावलाय, तोंड नाही. मोजायला ये."

मी गेले. सरांनी मला पायरीवर बसवलं, सगळ्यांच्या समोर. "आज मोजणी ताईंची."

त्या चार आठवड्यांत मी जे बघितलं ते धावताना कधीच दिसलं नव्हतं. समोर बावीस चेहरे. मी "एक, दोन, तीन" म्हणते आणि ते आकडा देतात. मोजणी फार भरभर केली तर अर्धे जण बैठक पूर्ण न करताच वर येतात. फार हळू केली तर खाली अडकलेल्यांच्या मांड्या थरथरतात. त्यांचा श्वास ऐकून मोजावं लागतं. एका मुलाचा जबडा आठव्याला आवळायचा आणि सोळाव्याला सैल पडायचा, जणू मधे कुठेतरी तो नाद सोडून द्यायचा आणि मग सोपं व्हायचं. एक काका प्रत्येक दहाव्याला डोळे मिटायचे. आणि मावशी, ज्या मला इतक्या भक्कम वाटायच्या, त्या पंधराच्या पुढे प्रत्येक आकडा घशातून ओढून काढत होत्या. त्यांना सोपं जात नव्हतं. कधीच जात नव्हतं. पहिल्या मंगळवारी चार फेऱ्या संपवून त्या माझ्यासाठी पाचव्यांदा खाली उतरल्या होत्या, तेव्हाही नसेल गेलं. त्या सकाळी मोजताना माझा आवाज सतराला फुटला. समोरून "सतरा!" आलंच.

पोटरी बरी झाल्यावर वाळूच्या गोण्या सुरू झाल्या. लोखंडी वजनाला मूठ असते, ते जिथे ठेवाल तिथे राहतं. वाळू तशी नसते. उचलली की एका बाजूला सरकते, ढिली पडते, अंगावर कलंडते, शुद्ध हरपलेल्या माणसासारखी. म्हणून तिला दुरून ओढायचं नाही. जवळ जायचं, पाय फाकवून खाली बसायचं, मिठी मारायची, आधी मांडीवर घ्यायची, श्वास घ्यायचा आणि मग टाचांनी जमीन ढकलत उठायचं. दहा किलो, पंधरा, वीस. वीस किलोची गोणी छातीशी धरून मी उतार चढले त्या दिवशी मला बाथरूमची फरशी आठवली. म्हटलं, अजून पन्नास.

ग्रुपमध्ये एक फिजिओथेरपिस्ट येतात. त्यांना मी एकदा बाबांचं सांगितलं आणि विचारलं की सत्तर किलोला किती महिने लागतील. त्या म्हणाल्या, "पडलेल्या माणसाला एकटीने उचलायचंच नाही. तुमची कंबर जाईल, त्यांचा खांदा. दुखापत नसेल तर त्यांनी स्वतः उठायचं. तुम्ही फक्त जवळ राहायचं." आणि तिथेच गवतावर आडव्या पडून त्यांनी दाखवलं. आधी कुशीवर. मग कोपरावर, मग ओणवं, हात आणि गुडघे. अस्वलचालीच्या आधीची स्थिती, मी हसलेच. समोर भक्कम खुर्ची. दोन्ही हात खुर्चीवर. ताकदीचा पाय पुढे, तळवा जमिनीवर. मग ढकला. मागे दुसरी खुर्ची तयार, लगेच बसायला.

मी त्यांना पुन्हा दाखवायला सांगितलं. मग स्वतः पाच वेळा करून पाहिलं. इतके महिने मी चुकीच्या गोष्टीसाठी ताकद जमवत होते असं काही मला वाटलं नाही. पण कानात सरांचं वाक्य वेगळं वाजलं. ते "मागच्याला उचला" असं कधीच म्हणत नव्हते.

बाबा पुन्हा पडले ते पावसाळ्याच्या अखेरीस, संध्याकाळी, पलंगाच्या कडेवरून. मी धावत गेले, पण हात लावला नाही. कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, पाय हलतोय का, सगळं विचारलं. ठीक होते, घाबरलेले होते. मी शेजारी जमिनीवर बसले, त्यांचा श्वास खाली येईपर्यंत. मग दोन खुर्च्या आणल्या. "कुशीवर वळा बाबा. आता कोपरावर." ओणवं व्हायला बराच वेळ लागला. मध्ये ते थांबले, म्हणाले, "नाही जमणार." मी त्यांच्याशेजारी तशीच ओणवी झाले. "माझ्या हाताकडे बघा," म्हटलं आणि माझा हात खुर्चीवर ठेवला. त्यांनी त्यांचा ठेवला. मग दुसरा. उजवा पाय पुढे आला. तो थरथरत होता, मी बघत होते, पण धरला नाही.

"एक, दोन, तीन."

ते उठले. मी मागची खुर्ची सरकवली आणि ते बसले. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मैदानावर हे शिकवतात?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या दोन खुर्च्या समोरासमोर असतात. हात छातीवर घ्यायचे, त्यांचा आधार न घेता उठायचं, बसायचं. म्हाताऱ्या माणसांच्या पायांतली ताकद जोखायला अर्ध्या मिनिटात असं किती वेळा उठता येतं ते मोजतात. पहिल्या संध्याकाळी बाबांना तीनदा उठता आलं, तेही मांडीला हात लावून. मीही त्यांच्याबरोबर उठते-बसते, त्यांच्या वेगाने. तीन मी म्हणते, आकडा ते देतात. काल आठला त्यांना धाप लागली. मी विचारलं, "किती?" त्यांनी क्षणभर विचार केला. "सोळा."

"थांबूया?"

"बोलू नकोस," बाबा म्हणाले, आणि पुढचा आकडा सांगायला उठले.